आत्याचं माहेर पाण्याबाहेर

सुट्टीत कुठं जायचं हे आमच्या घरात दरवर्षी बाबा ठरवतात, म्हणजे कुठंच जायचं नाही हे ठरवतात. या मे महिन्यात मी ठरवलं की यंदा आपण ठरवायचं. जेवताना मी 'एकदा तरी पाहावीत अशी सुंदर छोटी गावं' मोबाइलवर लावून सगळ्यांसमोर धरली. धुक्यातलं गाव झालं, फुलांचं गाव झालं, तळ्याकाठचं गाव आलं. बाबा आमटीचा भुरका मारत म्हणाले, "आमच्या भिवरखेडापुढं यातलं एकबी उभं राहणार नाही."

भिवरखेड हे बाबांचं जन्मगाव. ते उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे त्याच्या सौंदर्याबद्दल कुणाला वाद घालता येत नाही. (गाव उठलं तेव्हा बाबा नुकते शाळेत जाऊ लागले होते, पण बोलतात ते माजी सरपंचासारखं.) नदीचा घाट, चिंचांची रांग, दिवेलागणीला घराघरांतून निघणारा धूर. एवढ्या वर्षांत ऐकून ऐकून माझ्याही डोळ्यांत तो धूर जायला लागला होता.

"मग दाखवा," मी म्हणाले. "यंदा पाणी इतकं खाली गेलंय की बुडालेली गावं उघडी पडलीत. लोक फोटो टाकतायत."

बाबांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "तुमच्या अक्कांना कळलं तर?"

कळलंच. बाबांनीच फोन केला. माढ्याहून आत्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "मला सोडून गेलास तर तोंड दाखवू नगंस."

अशा रीतीनं माझी सुट्टी त्यांची झाली. माढ्यात गाडीत बसली तेव्हा नागूआत्या नवं लुगडं नेसली होती आणि मांडीवर खण-नारळाची पिशवी होती. हे कशाला, असं मी विचारलं, तर आई हळूच म्हणाली, "त्यांचं लग्न गाव बुडाल्यावर झालं. नव्या गावठाणात पत्र्याच्या शेडमधून सासरी गेल्या. माहेरच्या उंबऱ्यावर ओटी भरून निघायचं असतं, ते राहिलं. आता मी भरणार."

"आन गुडघं पुढच्या साली एवढं चालू देतील असं वाटत न्हाय," आत्या मागून म्हणाली. तिचे कान गुडघ्यांपेक्षा शाबूत आहेत.

टेंभुर्णीच्या पुढं हमरस्ता सोडून आम्ही उसातून, केळीतून, पाण्याच्या मोटारींच्या पाइपांवरून धडधडत काठाला पोचलो. गाव खरंच वर आलं होतं. भेगाळलेल्या गाळात घरांच्या दगडी जोत्यांचे चौकोन, मध्ये चिंचेचे काळे बुंधे, पलीकडं निळं पाणी आणि त्यात गुलाबी पाय घेऊन उभे असलेले रोहित पक्षी. मान्य करते, मी मोबाइलवर दाखवलेल्या सगळ्या गावांपेक्षा देखणं होतं. फक्त घरं नव्हती.

मी मॅप उघडला. त्यानुसार आम्ही चौघं बुडालेलो होतो.

"माझ्यामागं या," बाबा म्हणाले. "हे मारुतीचं देऊळ. म्हणजे आपलं घर बरोब्बर समोर."

"समोर न्हवं," आत्या म्हणाली. "देवळाकडं आपली पाठ हुती."

"अक्का, मला चांगलं आठवतंय."

"तू चड्डी घालत न्हवतास तवाची गोष्ट हाय ही. आन देऊळबी हे न्हवं. ही चावडी."

मग देवळावरून भांडण सुरू झालं. आजूबाजूला आणखी काही कुटुंबं होती आणि प्रत्येकातला एक म्हातारा हात लांब करून उभा होता. सगळे हात वेगवेगळ्या दिशांना. ऊन टाळूतून आत उतरत होतं. आत्या एका जोत्याजवळ थांबायची, वाकून बघायची, मान हलवायची, पुढच्याकडं जायची. बाबा प्रत्येक चौकोनात शिरून "हे स्वयंपाकघर" म्हणत होते.

माझा संयम मुळात कमी. (बाबा म्हणतात, नाहीच.) मी आसपास बघितलं आणि त्यातल्या त्यात फोटोत चांगलं दिसेल असं एक घर निवडलं. पुरुषभर उंच भिंत शिल्लक, दगडी उंबरा जागच्या जागी, दार तर एवढं रुंद की वरात आत जावी.

"बास," मी म्हणाले. "हे आपलं घर. सगळी घरं सारखीच आहेत. ओटी भरा आणि सावलीला चला."

"मी हेच म्हणत होतो," बाबा लगेच म्हणाले.

आत्यानं उंबऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं," म्हणाली आणि उभी राहिली. आईनं हळदकुंकू लावलं, पदरात खण, नारळ, तांदूळ घातले. आत्या डोळे पुसत होती. माझेही भरून आले. त्याच भरात मी दारात भिंतीला टेकून फोटो काढून घेतला, 'मी इथलीच' असं लिहिलं आणि टाकून मोकळी झाले.

मग गाडीजवळच्या बाभळीखाली बसून आम्ही कडक भाकरी मोडली. शेंगाचटणी पुढं सरकवत मी विचारलं, "आत्या, झालं ना मनासारखं?"

"झालं की. कोंडवाड्यात का हुईना."

बाबांना ठसका लागला.

"कोंडवाडा म्हणजे?" मी विचारलं.

"कुणाच्या पिकात ढोर शिरलं की तितं कोंडायचे. मग धन्यानं जायचं, वळख पटवायची, दंड भरून सोडवून आणायचं. दार बघितलं न्हाईस व्हय केवढं हुतं? घराला एवढं दार कोण ठेवतंय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बास म्हणालीस की. उन्हानं लाल झाली हुतीस. म्हटलं, पोरीनं एवढ्या लांब आणलं, कशाला तिचा हिरमोड करा. गाव तर आपलंच हाय."

मी भाकरी खाली ठेवली. "उठा सगळे. घर शोधायचं."

"शोधायचं कशाला?" आत्या म्हणाली. "कोंडवाडा घावला न्हवं. आपली ढवळी गाय सारखी तितं असायची. आबा दंड भरायचे आन मी तिला घरी आणायची. ती वाट माझ्या पायांना ठावी हाय."

आणि गेली की ती. हात कमरेवर ठेवून, न थांबता, चावडीला वळसा घालून, दोन बुंध्यांमधून थेट पाण्याच्या कडेला. तिथं गुडघ्याएवढी भिंत होती आणि जमिनीत पुरलेलं उखळ. आत्या त्याच्याशेजारी बसली आणि उखळातला गाळ हातानं काढायला लागली. बाबांनी 'हे स्वयंपाकघर' म्हटलं नाही. लहान पोरासारखे तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. मी मोबाइल बाहेरसुद्धा काढला नाही, हे नोंदवून ठेवा.

पुन्हा ओटी भरायची तर सामान नव्हतं. एकदा भरलेली ओटी काढून परत भरायची नाही, आई म्हणाली. मी जवळच गाळात कलिंगडं लावलेल्या बाईकडं पळत गेले आणि तिच्याकडं होतं त्यातलं सगळ्यात मोठं उचलून आणलं.

"ओटीत कलिंगड?" बाबा.

"फळच आहे की," आई म्हणाली आणि घातलं.

आत्या एका हातानं उखळाला टेकली, दुसऱ्यानं पदर सावरला आणि हसत-रडत म्हणाली, "वैनी, एवढ्या जड ओटीनं कुणी सासरी गेली नसंल." परत येताना ते कलिंगड अर्थात मी वाहिलं.

हमरस्त्याला लागल्यावर मी मोबाइल बघितला. माझा फोटो पार गावाच्या ग्रुपपर्यंत पोचला होता. खाली धोंडिराम नावाच्या कुणा आजोबांनी लिहिलं होतं, 'हा आपल्या गावचा कोंडवाडा आहे. आत उभी असलेली कुणाची आहे? धन्याने ओळख पटवून घेऊन जावे.'

त्याखाली बाबांचं उत्तर होतं, 'आमचीच आहे. राहू द्या दोन दिवस.'