सहा खोल्या आणि सरकारी गज यांची हकिकत

वाटेचा आणि वाटसरूचा सांभाळ करणारा जो देव तो प्रसन्न असो, आणि ज्याने पहिला उंबरठा घातला त्यास नमस्कार असो. शके सोळाशे सत्त्याऐंशी, पार्थिव नाम संवत्सर, कार्तिक वद्य तृतीयेपासून माघ शुद्ध एकादशीपर्यंत घाटमाथ्याच्या सराईत जे वर्तमान जाहले ते ज्यांनी पाहिले त्यांस विचारून, दोघांचे म्हणणे जुळले तेवढेच येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. राज्य लहान, घाटाच्या दोहों अंगांस पसरलेले, आणि त्या राज्यात ऐसी चाल होती की जो धनी गादीवर बसेल त्याच्या कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा हात तोच राज्याचा हात, आणि तैसे दोन हात मिळून सरकारी गज. थोरले श्रीमंत देहाने उंच, त्यांचा गज लांब होता. ते कैलासवासी जाहले आणि चिरंजीव गादीवर बसले, त्यांस दोन वर्षे होत आली होती. धाकटे श्रीमंत वयाने सव्वीस, बुद्धीने तीक्ष्ण, बोलणे थोडे, आणि देहाने आखूड. गादीवर बसल्याच्या तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे त्यांचा हात मोजून लोखंडाचा नवा गज घडविला आणि गावोगाव पाठविला. जुना गज आणि नवा गज शेजारी ठेवून पाहण्याची छाती कोणास जाहली नाही.

घाटमाथ्यावर सराई होती ती ठकूबाई चालवीत असत. सासूच्या माघारी सराईची सनद त्यांच्या नावे जाहली होती, आणि त्यांनी ती अकरा वर्षे राखिली होती. सराई म्हणजे एक लांब पडवी, तीत उतारू ओळीने निजत, एका टोकास चूल आणि दुसऱ्या टोकास खेचरांचा गोठा, ऐसियास एका टोकाच्यास धूर आणि दुसऱ्या टोकाच्यास लीद. बैलवाले आणि पत्रे नेणारे जासूद यांचे चालत असे, परंतु दरबारची माणसे आणि दूरचे सौदागर तेथे टिकेनात, आणि पलीकडच्या खिंडीतून नवी वाट निघाली होती तिकडे वळू लागले. मग कार्तिक वद्य तृतीयेस दरबारातून हुकूम आला की माघ शुद्ध दशमीस दिवाण अंताजीपंत स्वतः येऊन पाहतील, तोवर सराईत उतरण्याजोग्या सहा खोल्या तयार असल्या तर टप्पा, म्हणजे सरकारी मुक्कामाचे ठाणे, येथे राहील, नसल्या तर टप्पा आणि सनद दोन्ही खिंडीकडे जातील. गावात घरे बत्तीस, त्यांतील सत्तावीस या टप्प्यावर जगत. खेचरे हाकणारे, दाणावैरणवाले, नालबंद, दोन कुंभार, एक परटीण, सर्वांचा जीव त्या सहा खोल्यांत अडकला. आणि इमारतीच्या कामावर देखरेखीस दरबारातून गंगाधरपंत यांस पाठविले. पंत विद्वान, अक्षर सुरेख, आजवर कोणत्याही सराईत राहिलेले नव्हते, आणि त्यांजवळ खोल्यांचा कागद होता तो थोरल्या श्रीमंतांच्या वेळेस काढून दप्तरात पडलेला. त्यात लिहिले होते की खोली सात हात लांब, दार चार हात उंच, पलंग चार हात लांब आणि एक हात उंच. पंतांनी कागद जुना घेतला आणि गज नवा घेतला, आणि मनात शंकाही आली नाही. गावचे सुतार धाकोजी मेस्त्री यांस एवढे वाटले की दार अंमळ बसके दिसते, परंतु पंत म्हणाले की गज सरकारी आहे, तेव्हा मेस्त्रींनी भिंती चढविल्या.

पौष वद्य तृतीयेपर्यंत सहाही खोल्यांवर कौले पडली, सारवण जाहले, पलंग आत गेले. पंतांनी खोल्या पुऱ्या जाहल्याचा कागद लिहावयास घेतला, तेव्हा ठकूबाईंनी हात जोडून कळविले की सराईची एक रीत आहे, सासूबाईंपासून चालत आली आहे, ज्याने खोली केली त्याने दुपारचे जेवण करून त्याच खोलीत एक घटका आडवे व्हावे, मग खोली पुरी म्हणावी. पंतांस ही रीत आवडली, कारण त्या दिवशी पुरण होते. पोटभर जेवून पंत पहिल्या खोलीकडे निघाले आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटले. मग आत गेले आणि पागोटे खुंटीस अडकविले, आणि मागून बाईंनी पाण्याचा तांब्या आणून दार लोटले तेव्हा खुंटी दारामागे असल्याने पागोटे खाली पडले. मग आडवे जाहले तो पाय घोट्यापासून पलंगाबाहेर राहिले, आणि खिडकी पश्चिमेस असल्याने ऊन डोळ्यांवर आले, आणि कूस वळविली तो चुलीचा धूर कौलांखालून उतरला, आणि तांब्या ठेवावयास जागा नव्हती म्हणून तो उशापाशी भुईवर होता, त्यास हात लागून पाणी सांडले. घटका भरण्याआधीच पंत बाहेर आले. बाईंनी विचारिले की झोप कैसी जाहली.

पंत म्हणाले, "पाय जरा बाहेर राहतात, ते राहू द्यावेत. वारा लागतो."

ठकूबाई म्हणाल्या, "पंत, माघात घाटावर उघड्या पायांस वारा लागला तर पाहुणा सकाळी पाय बरोबर घेऊन जाईल, की येथेच ठेवून जाईल?"

पंत कपाळ चोळीत बसले. मग धाकोजी मेस्त्री घरी गेले आणि आपल्या बापाच्या पेटीतला लाकडी गज घेऊन आले, तो थोरल्या श्रीमंतांच्या वेळचा. तो सरकारी गजाशेजारी पडवीत ठेविला. हातामागे चार अंगुळे कमी भरली, म्हणजे चार हातांच्या पलंगात सोळा अंगुळे गेली आणि दारातही तितकीच गेली. तेथे पाच माणसे उभी होती आणि पाचही जण कौलांकडे पाहू लागले.

पंत हळू म्हणाले, "मेस्त्री, तुमचा गज जुना आहे. वाढला असेल."

धाकोजी म्हणाले, "लाकूड वाळून आखडते, पंत. वाढते ते झाडावर."

मग पंतांपुढे दरबारास काय लिहावे हा प्रश्न पडला. गज आखूड आहे ऐसे लिहिले तर धन्याचा हात आखूड आहे ऐसे लिहिल्यासारखे होते, आणि खोल्या चुकल्या ऐसे लिहिले तर दोष पंतांचा. पंतांचे म्हणणे पडले की काही लिहू नये, पाहुण्यास पाय दुमडून निजण्यास सांगावे, दाराशी वाकून येणे हीच नम्रता आहे ऐसे समजवावे. ठकूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या की खिंडीतल्या सराईत कोणी नम्रता शिकवीत नाही, म्हणून उतारू तिकडे जातात. मुदतीस बावीस दिवस राहिले होते. बाईंनी हिशेब ऐसा केला की सहाही खोल्या मोडून पुन्हा बांधण्यास दिवस नाहीत आणि सागही नाही, तरी पूर्वेकडच्या पहिल्या तीन खोल्या लांब कराव्यात, त्यांची दारे उंच करावीत, आणि पश्चिमेकडच्या तीन आहेत तितक्याच ठेवाव्यात, परंतु धूर, ऊन आणि खुंटी यांचा बंदोबस्त सहांत करावा. पंत म्हणाले की आखूड तीन खोल्या कोणास देणार. बाई म्हणाल्या, "मी स्वतः आखूड आहे, पंत. काल दुपारी चौथ्या खोलीत टेकले तो दिवेलागणीस जाग आली. आखूड माणसालाही झोप येते." पंतांनी दोन्ही कानांवर हात ठेविले आणि इकडेतिकडे कोणी ऐकले नाही ना ते पाहिले.

आणि काम सुरू जाहले. गज पेटीत गेला तो लाकडीही गेला आणि लोखंडीही गेला, कारण बाईंचे म्हणणे ऐसे की थोरले श्रीमंतही या सराईत कधी निजले नाहीत, तर त्यांचा हात तरी येथे कशास. हैबती म्हणून एक जासूद होता, टप्प्यावरील सर्वांत उंच माणूस, त्यास अंगणात निजवून त्याच्याभोवती चुन्याची रेघ ओढिली आणि वर एक वीत सोडून पलंगाची लांबी धरिली, आणि त्यास बसवून गुडघ्याइतकी पलंगाची उंची धरिली. हैबतीस बजाविले की हात सैल सोड, आणि निजल्या जागेवरून हात जेथे सहज पोहोचला तेथे भिंतीत कोनाडा कोरिला, तांब्या आणि दिवा ठेवावयास. दिवसभर चालून आलेला माणूस हात किती वर करील हे पाहण्यासाठी एका बैलवाल्यास दमलेला येऊ दिला आणि त्याने घोंगडी टाकावयास हात केला तेथे खुंटी ठोकिली, दारामागे नव्हे, दारासमोर. चूल पडवीच्या वाऱ्याखालच्या टोकास नेली आणि गोठा उताराखाली नेला. पश्चिमेस उघडणाऱ्या खिडक्यांस बाहेरून झाप बांधिले, खालून काठी देऊन उघडावयाचे, म्हणजे वारा येतो आणि ऊन येत नाही. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात हातपाय धुण्यास लहान मोरी केली आणि तिचे पाणी केळींस सोडिले. चौथ्या खोलीची खिडकी आखूड गजामुळे खाली बसली होती ती वर घ्यावी ऐसे मेस्त्रींचे मत पडले, परंतु बाई पलंगावर उठून बसल्या तो तीतून थेट दरीपार डोंगर दिसला, उभ्याने दिसत नव्हता. तेव्हा ती राहू दिली, आणि पूर्वेकडच्या तीन खोल्यांच्या खिडक्याच उलट दोन दगड खाली घेतल्या. मेस्त्री म्हणाले की चाळीस वर्षे घरे बांधितो आहे ती सर्व उभ्याने पाहून बांधिली, निजून कोणतेच पाहिले नाही. गंगाधरपंतांनीही बाराव्या दिवशी कागद बाजूस ठेविला आणि प्रत्येक खोलीत आडवे होऊन काय टोचते ते सांगू लागले, आणि त्यात त्यांची विद्वत्ता फार उपयोगी पडली, कारण टोचलेले ते नेमके सांगत.

माघ शुद्ध दशमीस स्वारी आली. दिवाण अंताजीपंत येणार ऐसे ठरले होते, परंतु पुढे पालखी दिसली आणि तीत खुद्द श्रीमंत होते. गाव सारा रस्त्यावर उभा राहिला. गंगाधरपंतांनी धावत येऊन बाईंच्या कानात सांगितले की श्रीमंतांस पहिली खोली द्यावी, ती मोठी आहे, आणि पश्चिमेच्या तिन्हींस कुलपे घालावीत, त्या दाखविल्या म्हणजे आपण बुडालो. बाई म्हणाल्या की कुलूप घातलेली खोली मोजणीत धरीत नाहीत, सहाच्या तीन होतील आणि टप्पा जाईल. मग भोजन जाहले. विडा जाहल्यावर श्रीमंतांनी विचारिले की उतरण्याची जागा कोणती. पंत पहिल्या खोलीकडे हात करणार तो ठकूबाई पुढे जाहल्या आणि म्हणाल्या की सराईची रीत ऐसी आहे की पाहुण्याने आधी टेकून पाहावे आणि मग खोली घ्यावी, सहाही मोकळ्या आहेत.

श्रीमंत पहिल्या खोलीत गेले, पलंगावर बसले, क्षणभराने उठले आणि बाहेर आले. दुसरीत गेले, तैसेच बाहेर आले. तिसरी बाहेरूनच पाहिली. मग चौथीत गेले. दिवाण अंताजीपंत देहाने उंच, ते मागोमाग आत जाऊ लागले आणि चौकटीवर कपाळ आपटून दोन्ही हातांनी धरून उंबरठ्यावरच थांबले. गंगाधरपंतांनी डोळे मिटले. आत श्रीमंत पलंगाच्या कडेस बसले होते. त्यांनी एक पाऊल जमिनीवर टेकविले, मग दुसरे टेकविले, आणि दोन्ही पावलांकडे पाहात राहिले. मग टाचा किंचित उचलून पुन्हा टेकविल्या.

श्रीमंत म्हणाले, "दिवाणजी, आमची गादी थोरल्यांच्या मापाची, पलंग त्यांच्या मापाचा, घोड्याची रिकीब तेवढी आमच्यासाठी वर घेतली. दोन वर्षांत बसल्या जागी आमचे पाय जमिनीस लागले ते आज."

दिवाण कपाळ धरून उभे होते. मग श्रीमंतांनी ठकूबाईंस विचारिले की ही खोली कोणाच्या मापाने केली. पंतांनी मागून मान हालवून नको नको केले. बाईंनी ते पाहिले, आणि सत्तावीस घरे बाहेर उभी आहेत हेही त्यांस ठाऊक होते.

म्हणाल्या, "सरकारच्या हाताने."

"आणि त्या तीन?"

"हैबती जासुदाच्या अंगाने. सरकार, आधी सहाही आपल्या हाताने जाहल्या. चूक जाहली. उंच माणसाचे पाय बाहेर येत होते, म्हणून तीन बदलिल्या. या तीन चुकल्या नव्हत्या, त्यांना माणूस भेटला नव्हता."

श्रीमंतांनी बाईंकडे पाहिले, मग दाराशी दिवाणांकडे पाहिले, आणि हसले. श्रीमंत मोठ्याने हसलेले दरबारातल्या कोणी आजवर ऐकिले नव्हते, म्हणून बाहेर लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांनी दार लोटावयास सांगितले, आडवे जाहले, आणि दोन घटका झोपले. तेवढा वेळ दिवाण, पंत, मेस्त्री आणि गाव अंगणात उन्हात उभे होते. कोणी बसले नाही. आत घोरणे ऐकू आले तेव्हा धाकोजी मेस्त्री पंतांस म्हणाले की आता कागद लिहावयास हरकत नाही.

उठल्यावर श्रीमंतांनी तेथेच दोन हुकूम केले. एक ऐसा की टप्पा घाटमाथ्यास कायम, सनद ठकूबाईंकडे कायम, आणि खिंडीतल्या सराईवाल्याने येथे येऊन एक दुपार निजावे आणि शिकावे. दुसरा ऐसा की राज्याचा गज यापुढे धन्यागणिक बदलू नये, थोरल्यांचा होता तोच राहावा. दिवाणांनी विनविले की चाल जुनी आहे, सरकारचा मान आहे. श्रीमंत म्हणाले, "आमच्या हाताला दुसरी कामे आहेत. आणि पलंगास गज लावू नका, माणूस लावा." दुसरे दिवशी एकादशीस स्वारी परतली, आणि जाताना पालखीत पायांखाली धाकोजी मेस्त्रींनी घाईने केलेला एक लाकडी पाट होता.

येणेप्रमाणे सहा खोल्यांची हकिकत. यात लढाई नाही, तह नाही, कोणाचा पराभव नाही. दिवाणांच्या कपाळास टेंगूळ आले ते चार दिवसांत बसले. टप्पा राहिला, बत्तीस घरे जागच्या जागी आहेत. लांब खोल्यांस मागणी आहे, आखुडांस त्याहून अधिक आहे, बाया, म्हातारी माणसे आणि वाकून चालणारे सौदागर त्याच मागतात. हे लिहिते समयी सहाही भरल्या असून पडवीत चौघे थांबले आहेत. सातवीची जागा चुन्याने आखिली आहे, आणि ती कोणास निजवून मोजावी यावरून ठकूबाई आणि धाकोजी मेस्त्री यांचा सकाळपासून वाद चालू आहे, त्यात गंगाधरपंत आडवे होण्यास तयार बसले आहेत.