बिनखमिरी सणाचा केक

चाकणच्या कंपनीत एकवीस वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्या एझ्रा नवगावकरांचा सुट्टीचा अर्ज एचआरच्या ज्योतीराम साहेबांनी नामंजूर केला. कारण त्या दिवशी कंपनीत ज्यू लोकांचा सण साजरा व्हायचा होता.

नवगावकर स्वतः ज्यू. घराणं कोकणातलं, बिऱ्हाड दापोडीत, आणि अर्जही त्याच सणासाठी. पण नाव एझ्रा म्हणजे माणूस ख्रिश्चन, आणि ईस्टर तर रविवारी, अशी साहेबांची पक्की समजूत. ती दूर झाली तरी उपयोग झाला नाही. मशीन बसवायला इस्रायलहून योआव नावाचा इंजिनिअर आला होता. त्याच्यासाठी कँटीनमध्ये कार्यक्रम होता आणि हजेरी सक्तीची होती.

“तुमचं घरगुती हो, काका,” ज्योतीराम म्हणाले. “हे ओरिजिनल आहे.”

ओरिजिनल कार्यक्रमासाठी पाच किलोचा केक आला. नवगावकरांनी समजावून पाहिलं, की ह्या सणात आठ दिवस फुगवलेलं काही खात नाहीत. मिसरच्या गुलामगिरीतून पूर्वज इतक्या घाईने निघाले, की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून बिनखमिरी भाकर. त्यांची आजी तर ह्याला ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणायची. अनाशी म्हणजे आंबवणाचं भांडं, तेसुद्धा ती झाकून ठेवायची.

“तेव्हा बेकरी नव्हती, काका,” ज्योतीराम म्हणाले. “आता आहे ना.”

दुपारी त्यांनी मोबाईलवर वाचत गुलामगिरी आणि स्वातंत्र्य ह्या विषयावर चाळीस मिनिटं भाषण ठोकलं. ऐकायला पहिली शिफ्ट सुटल्यावरही अडवून ठेवली होती. योआवने केकचे तीन तुकडे संपवले. घरी आईपुढे काही चालत नाही, सणाची पोथी वाचून संपेपर्यंत ताटाला हात लावता येत नाही, म्हणून हेच दिवस आपण चाकणसाठी मागून घेतले, असं त्याने तोंड पुसत सांगितलं. ज्योतीरामांनी नवगावकरांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

नवगावकरांचं डोकं फिरलं. पण सणाच्या संध्याकाळी पाहुण्याला जेवायला बोलवायचं, हाही रिवाजच. त्यांनी योआवला सगळ्यांदेखत घरी बोलावलं आणि आपणही ज्यू असल्याचं सांगितलं. योआवचा चेहरा उतरला. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणवेना. फोटो चांगले निघतील म्हणून ज्योतीरामही गाडीत बसले.

दापोडीत दिवेलागण झाली. नवगावकरांच्या बायकोने, रिबकाबाईंनी, मटणाचं पातेलं झाकून ठेवलं. वास मात्र झाकता आला नाही. पोथीतले चार प्रश्न सगळ्यांत लहानाने विचारायचे, म्हणून ते योआवलाच विचारावे लागले. ते अजून पाठ आहेत, ह्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. दरवर्षी नवगावकर पोथीची निम्मी पानं गाळत. यंदा एक ओळ सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं. आधी हिब्रूत, मग साहेबांना कळावं म्हणून मराठीत. तासाभराने मिसरवर देवाने धाडलेली दहा संकटं सुरू झाली.

“काका,” ज्योतीराम हळूच म्हणाले, “जेवायचं कधी?”

नवगावकरांनी चष्मा पुसला.

“आत्ता कुठं बेडूक निघालेत, साहेब. अजून आठ संकटं बाकी आहेत.”