परबकाकांचा स्वतंत्र रेग्युलेटर

आमच्या चारकोपच्या सोसायटीत कुणाचा फोन मध्येच कट झाला की तो कंपनीला शिव्या घालतो. शेजारचे परबकाका विचारतात, "आधी सांग, रेग्युलेटर स्वतंत्र आसा काय?"

रेग्युलेटर म्हणजे फोन कंपन्यांचे कान धरणारी संस्था. सरकारने नेमायची, पण सरकारचंही ऐकायचं नाही अशी. घ्या! इथे सासऱ्याने निवडलेला जावईही त्याचं ऐकत नाही, मग यात नवल ते काय! पण काकांना हे भलतंच पवित्र वाटतं.

आमच्या सेक्रेटरी सावंतांनी इंटरकॉमचं काम मेव्हण्याला दिलं, तक्रारीही स्वतःच घेऊ लागले. काका मीटिंगमध्ये उठले. "इंग्लंडात असा चालणा नाय!" वैतागून सावंत म्हणाले, "मग तुम्हीच व्हा रेग्युलेटर!"

झालं! जिन्याखाली खुर्ची टाकून जनसुनावणी सुरू. कुलकर्णीबाईंची तक्रार, वॉचमन इंटरकॉम उचलत नाही. काका म्हणाले, "जर्मनीत दोन्ही बाजू ऐकतत." वॉचमन बाजू मांडायला आला, गेट सताड उघडं, आणि सावंतांच्या स्कूटरवर भटकं कुत्रं पसरलेलं. निकाल? विचाराधीन. अगदी खऱ्या सरकारी थाटात!

एकदा मी छेडलं, "काका, सारखं इंग्लंड, जर्मनी, कॅनडा. जपानने काय घोडं मारलंय?"

"आमचो नीलेश थंय खंय गेलो?"

नीलेश त्यांचा एकुलता एक मुलगा. तो देश बदलत गेला, तसा काकांचा अभ्यास. सध्या कॅनडात. दर रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून फोन समोर ठेवून बसतात. फोन येत नाही. "कॅनडाचो रेग्युलेटर ढिलो. पोराक लाइनच मिळणा नाय," म्हणतात.

माझी ताई तिकडे कॅनडात नीलेशच्याच शहरात राहते. परवाच्या रविवारी मी काकांकडे चहाला बसलो असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे तिचा कुकर शिट्ट्या देतोय, तोही ऐकू येत होता. "काका, कसे आहात?" ती ओरडली. मी घाईने आवाज बारीक केला. "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही गं," म्हणत मी फोन कापलाच.

"बघा काका, तुम्ही म्हणता ते खरं. तिकडचा रेग्युलेटर अगदीच ढिला हो."

काकांनी चहाची बशी खाली ठेवली.

"उगाच रेग्युलेटराक नावां ठेव नको रे," ते हळूच म्हणाले. "तुझ्या ताईचो आवाज स्वच्छ इलो."

मग त्यांनी शर्टाच्या टोकाने फोनची काच पुसली आणि तो परत समोर ठेवला, वाजला तर लगेच दिसेल असा.