कार्डाचं पथ्य

हर्षाने स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि नवऱ्याची दोन्ही क्रेडिट कार्डं त्याच्यासमोर कापली. अश्वजितने एकावर मोठा टीव्ही घेतला होता, दुसऱ्यावर सोफा. दर महिन्याला कमीत कमी रक्कम तेवढी भरून तो निर्धास्त होता. बँकेचा फोन चुकून हर्षाने उचलला, तेव्हा कळलं की देणं फुगतच चाललंय.

"ज्याचं व्याज जास्त, ते कार्ड पहिले संपवाचं," हर्षा म्हणाली. "दुसऱ्यावर कमीत कमी भराचं. मोटारसायकल बंद, बाहेरचा चहा-नाश्ता बंद."

"सगळं करतो. पण शाळेत कोणाले समजू देऊ नको. इज्जतीचा सवाल हाय."

अश्वजित मोहाडीच्या एका शाळेत क्लार्क होता. दुसऱ्या दिवशी आंधळगावहून तो सायकल हाणत, घामाघूम होऊन पोचला.

"गाडी कुठं गेली, भाऊ?" रेणू मॅडमनी विचारलं.

"डॉक्टरनं सायकल चालवाले सांगतलं."

मधल्या सुट्टीत समोसे आले. डॉक्टरनं तेल बंद केलं होतं. चहा आला. डॉक्टरनं तोही बंद केला होता. काही आठवड्यांत कर्ज थोडंसंच उतरलं, अश्वजित मात्र चांगलाच उतरला. पँट नुसती पट्ट्याच्या भरवशावर राहिली.

अशातच एकदा तो व्हरांड्यात उभा राहून बँकेशी बोलत होता. रेणू मॅडम वर्गातून बाहेर येता येता दारातच थबकल्या.

"खरं सांगा साहेब, किती महिने राहिले? दीड वर्ष? नाही, घाबरलो नाही मी. घरच्यांले त्रास न देता संपवाचं हाय."

मॅडमचे डोळे भरून आले. मधली सुट्टी होईपर्यंत सगळ्या शाळेला कळलं, आणि शनिवारच्या संध्याकाळी बातमी करडी गावी त्याच्या आईपर्यंत, बायजाबाईपर्यंत पोचली.

रविवारी सकाळी बायजाबाई ऑटोतून उतरली ती रडतच.

"बाबू, मले काहून नाही सांगतलं रे?"

तो तोंड उघडणार, एवढ्यात मुख्याध्यापक टिकाराम सर पत्नी ललिताबाईंना घेऊन दारात हजर. मागे सगळे शिक्षक, आणि रेणू मॅडमच्या हातात सफरचंदांची पिशवी. सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसले. महिन्याभराची वाचवलेली साखर हर्षाने एकाच पातेल्यात ओतली.

टिकाराम सरांनी जाडजूड पाकीट पुढे केलं. "शाळेकडून थोडी मदत. इलाजाले."

अश्वजितचा हात पुढे गेला. या पाकिटात एका कार्डाचा बराचसा निकाल लागला असता. कोणी विचारणार नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसतच होती. त्याने हात मागे घेतला.

"सर, हे नाही घेता येत. मले बिमारी नाही. मले उधारी हाय."

मग त्याने टीव्हीपासून सोफ्यापर्यंत सगळं सांगितलं, जास्त व्याजाचं कार्ड आधी संपवायचा हर्षाचा हिशेबही सांगितला. सोफ्यावर बसलेले जरा सावरून बसले.

"म्हणजे तू मरून नाही राहिला?" बायजाबाईने विचारलं.

"नाही, आई."

"बरं झालं," असं म्हणून तिने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

मंडळी उठली. रेणू मॅडमनी सफरचंदं परत नेली. अश्वजितला मात्र कित्येक दिवसांनी हलकं वाटत होतं. "उद्याबी सायकलनंच जाईन," तो हर्षाला म्हणाला, "पण आता सांगून जाईन."

सगळे फाटकाबाहेर गेले तरी टिकाराम सर चपला शोधत दारातच रेंगाळले. मग हळूच हर्षाजवळ आले.

"वहिनी, ते जास्त व्याजाचं पहिले, म्हणजे नेमकं कसं? नाही, माझ्याजवळबी तीन कार्डं हायेत."

"सांगते ना सर. पण पहिले ललिताबाईंले सांगा. घरचं माणूस सोबत नसलं तर जमत नाही."

टिकाराम सरांनी फाटकाकडे पाहिलं. ललिताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"त्यापेक्षा वहिनी," ते कुजबुजले, "मले एखादी बिमारी नाही काय सांगता येणार?"