आप्पांचा लाइव्ह लोड

आमच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याचं वजन व्हायचं. काटा नव्हता, आप्पा होते. जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसलेले आप्पा येणाऱ्याला खालून वर निरखायचे आणि माडीच्या दिशेने ओरडायचे, "वसंतराव, एक माणूस चढतोय. अंगानं बारीक हाय, पण संगं दोन कलिंगडं हायेत!"

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात मी कारकून होतो आणि आप्पांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. कालव्याच्या कामांवर ओव्हरसियर म्हणून जन्म घालवून आप्पा निवृत्त झालेले. खाली ते आणि त्यांची बायको आक्का, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

पहिल्याच दिवशी माझी ट्रंक जिन्यात अडवून त्यांनी मला शिकवणी दिली. "डेड लोड म्हंजी घराचं सोताचं वजन. भिंती, तुळया, फळ्या. ते कुठं जात न्हाई. लाइव्ह लोड म्हंजी येणारं-जाणारं. माणसं, धान्य, सामान. घर पडतं ते लाइव्ह लोडाचा हिशेब चुकल्यावर."

दिवसभर लोकांची पार्सलं तोलणारा मी. वजनातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. म्हटलं, "म्हणजे आमचं कपाट डेड."

"हालवता येतंय न्हवं? मग लाइव्ह."

"आणि झोपलेला माणूस?"

"सकाळी उठून जाणार न्हवं? लाइव्ह." मग माझ्या पोटाकडे बघत ते म्हणाले, "तुम्हाला मी दीड धरतो."

बायको पदर तोंडाला लावून हसली. वर गेल्यावर म्हणाली, "आप्पा भिडस्त आहेत हो. नाहीतर दोन म्हणाले असते."

माडीची जमीन फळ्यांची. मी चाललो की खाली आक्कांच्या परातीत माती पडायची. आप्पा छताकडे बघून चरफडायचे. आक्का परातीवर फडकं टाकायच्या आणि म्हणायच्या, "चालू दे की वो त्यांना. पाय काय खुंटीला टांगून ठिवतील?"

चालण्यावरून आप्पांना माझी सगळी दिनचर्या पाठ होती. "आज ऑफिसला उशीर झाला वाटतं. खिडकीपासनं दारापत्तुर पळत गेलाव." एकदा बायकोशी भांडण झालं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "काल सांजच्याला लई येरझाऱ्या चालल्या व्हत्या. मिटलं का?"

आमच्या मुलीचं बारसं ही मात्र कमाल झाली. कासुर्डीहून सासुरवाडीच्या बायका एस.टी.ने आल्या. आप्पांनी त्यांना थोड्या-थोड्या करून वर सोडलं. खालून छत्रीने छत ठोकत ते सूचना देत होते, "मधी गर्दी नको! भिंतीकडनं बसा!" त्यामुळे सगळ्या बायका भिंतींना चिकटून आणि मध्ये एकटा पाळणा. 'आता जागा फुल्ल' म्हणत त्यांनी सासूबाईंना जिन्यातच अडवलं. त्या कडाडल्या, "नातीचं नाव ठेवायला आलेय मी, सिनेमाला न्हाई!" आप्पांनी विचार केला आणि त्यांच्यासाठी जागा करायला दीड माणूस खाली उतरवला. माझ्या मुलीचं नाव मला अंगणात उभ्या-उभ्या कळलं. हातात पेढा देत आप्पा म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. घर हाय म्हणून बारसं हाय."

मुलगी धावायला लागली त्या हिवाळ्यात आक्का साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या.

आप्पांची जिन्याजवळची खुर्ची आत गेली. पाहुण्यांची वजनं बंद झाली. आम्ही ठरवलं, म्हाताऱ्याला आता काडीचा त्रास द्यायचा नाही. रेडिओ बंद केला. मुलीच्या पायाखाली गोधड्या अंथरल्या. मी तर चवड्यांवर चालू लागलो. माझ्या देहाचा माणूस चवड्यांवर चालताना बघून बायकोला हसू आवरेना, पण मी नेट सोडला नाही. आपण केवढे समजूतदार, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. ऑफिसातही दोघा-तिघांना सांगून झालं होतं.

एका संध्याकाळी आप्पा स्वतः जिना चढून आले. दारातच उभे राहिले.

"वसंतराव, जागा सोडताय का?"

"छे! का हो आप्पा?"

"खाली काय ऐकू येत न्हाई."

"तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही जरा हळू..."

त्यांनी चौकटीला हात टेकला. मग म्हणाले, "सकाळच्याला तुम्ही दाढीला खिडकीपाशी जाता. तवा आक्का म्हणायची, उठले वसंतराव, चहा टाकते. आता मी चहा कवा टाकायचा?"

बायको आत निघून गेली.

"रविवारी न्हावरे गावचा पुतण्या न्यायला येतोय. जावं म्हणतो. तिथं माणसं तरी हायेत," ते म्हणाले. निघताना वळून त्यांनी फळ्यांकडे पाहिलं. "असा एकाएकी लोड काढू नये. तुळयांना सवय झालेली असती."

माझ्या शहाणपणाची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

रविवारी उजाडल्यापासून मी टाचा आपटत चाललो. मुलगी कॉटवरून उड्या मारत होती आणि तिला कुणी अडवत नव्हतं. बायकोने खलबत्ता काढला. कुटायला काही नव्हतं, तरी ती कुटत होती. मी घामाने निथळत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझं वजन कुणाच्या कामाला येणार होतं.

तेवढ्यात खालून पुतण्याचा आवाज आला. "आप्पा, ऐका माझं. चला. हितं एकट्यानं कसं ऱ्हाणार तुम्ही?"

मी जागीच थांबलो. मग जीव मुठीत धरून, पण जोरात पाय टाकत, खिडकीपाशी गेलो.

"एकटा?" आप्पा म्हणाले. "आरं, वर ऐक की. त्यो बघ, खिडकीला गेला. आता दाढी करंल. बस तू, मी चहा टाकतो."

माझी दाढी केव्हाच झाली होती. मी पुन्हा गालाला साबण लावला.