कुलसचिवांच्या खिडकीखालचा कर्णा

"हे इथे कोणी आणून ठेवलं?" कुलसचिव खिडकीतून इतक्या जोरात ओरडले, की दाढ काढलेला त्यांचा गाल पुन्हा ठणकायला लागला.

दाढेपायी ते जेमतेम दोन दिवस रजेवर होते. तेवढ्यात खिडकीखालच्या हिरवळीवर पुरुषभर उंचीचा पितळी कर्णा उभा राहिला होता.

"शिल्प आहे, साहेब," शिपाई म्हणाला.

"ते कळतंय मला! पण इथे का?"

विद्यापीठाच्या आवारात शिल्प हवं, हा कुलगुरूबाईंचा हट्ट. तेही नुसतं बघायचं नाही, लोकांनी वापरायचं. शिल्पकारबाईंनी कल्पना मांडली होती : एक कर्णा कॅन्टीनसमोर, दुसरा ग्रंथालयाच्या बागेत, आणि दोघांना जोडणारा जमिनीखालचा पाइप. इकडे बोललं की तिकडे ऐकू येणार. "बोलायला फोन आहेत की सगळ्यांकडे," असं कुलसचिवांनी बैठकीत म्हणून पाहिलं होतं, पण सगळी समिती तेव्हा माना डोलावण्यात गुंग होती.

त्यांनी तिरीमिरीत शिल्पकारबाईंना फोन लावला.

"ग्रंथपाल म्हणाले, आम्ही इथे कुणाला खोकूसुद्धा देत नाही," बाई सांगू लागल्या. "म्हणून कर्णा मुलींच्या वसतिगृहापाशी नेला, तर रेक्टरबाई अंगावरच आल्या. पदार्थविज्ञानवाल्यांची म्हणे यंत्रं थरथरतात. खड्डा खणणारी माणसं खोळंबली होती हो, सर. विरोध आला नाही तो फक्त तुमच्याकडून."

"मी डॉक्टरांपुढे आ वासून पडलो होतो! विरोध कुठल्या तोंडाने करणार?"

"ते आम्हाला कसं कळणार?" असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

त्या दिवसापासून कुलसचिवांच्या डोक्याला शांतता म्हणून राहिली नाही. पाइपातून येताना प्रत्येक आवाजाला सर्दी व्हायची. कोणी शिट्ट्या मारायचं, कोणी मांजराचा आवाज काढायचं, कोणी कपबशा वाजवायचं. वित्त अधिकाऱ्यांशी गंभीर चर्चा चालू असताना कर्णा अचानक म्हणाला, "ए टकल्या, ऐकतोयस ना?" वित्त अधिकाऱ्यांच्या डोक्यावर भरपूर केस होते. त्यांनी नको तितक्या सहानुभूतीने कुलसचिवांकडे पाहिलं.

खिडकी लावली तर उकाड्याने जीव जायचा. उघडली तर कर्णा. शेवटी एका दुपारी खालून सर्दीने बसलेला बायकी आवाज आला, "हॅलो, हॅलो! ऐकू येतंय का?" आणि कुलसचिवांचा तोल गेला. ते तडातडा जिने उतरले आणि त्यांनी कर्ण्यात तोंड घातलं.

"ऐकू येतंय! सकाळपासून तेच ऐकतोय! कामधंदे नाहीत तुम्हाला? आणि तुम्हाला तरी काय बोलायचं! त्या कुलगुरूबाई कुठेतरी परदेशात कुठल्यातरी भोंग्यात बोलून आल्या आणि इथे भोंगा माझ्या उरावर! म्हणे संवाद हवा! एवढा संवादाचा पुळका असेल, तर स्वतःच्या खिडकीखाली बसवा म्हणावं!"

कर्णा खाकरला. मग तोच आवाज सावकाश म्हणाला, "सर, मीच बोलतेय. कुलगुरू. पाहुण्यांना शिल्प दाखवत होते. सगळ्यांनी अगदी नीट ऐकलं."

कुलसचिव मटकन हिरवळीवर बसले. राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत असतानाच कुलगुरूबाई पाहुण्यांना घेऊन आल्या. सगळ्यात जाड पाहुण्यांनी पुढे होऊन त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"काय राग! काय जिवंतपणा! इतका खरा अनुभव आम्हाला कुठल्याच शिल्पाने दिला नाही. तुम्ही रोज असता का इथे?"

कुलसचिव तोंड उघडणार, एवढ्यात कुलगुरूबाई गोड हसल्या. "रोज. जेवणाच्या सुट्टीआधी तासभर."

दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन कर्ण्यापाशी उभे होते. आतून नुसते धुमसत होते. एवढ्या मोठ्या विद्यापीठाचा कुलसचिव, आणि भोंग्यापाशी पहारा!

"कोणी आहे का?" एका मुलीचा आवाज आला.

"आहे. बोल."

"उद्या माझी नोकरीची मुलाखत आहे. पदवीचा दाखला मागते, तर खिडकीवर सांगतात, सहीला गेलाय. कुणाच्या सहीला, ते कोणीच सांगत नाही. किती दिवस हेलपाटे घालायचे हो?" बोलता बोलता तिचा आवाज कापरा झाला.

कुणाच्या सहीला, ते कुलसचिवांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्याच टेबलावर गठ्ठा पडला होता.

"नाव सांग. आणि तिथून हलू नकोस."

छत्री तिथेच टाकून ते वर गेले. गठ्ठा उपसला, दाखला शोधला, सही केली, आणि धापा टाकत परत आले.

"झाली सही. ये आणि घेऊन जा."

"खरंच? थँक्यू, काका!"

"काका?" कुलसचिवांचा गाल पुन्हा ठणकला. "अगं, मी कुलसचिव आहे या विद्यापीठाचा! काका काय म्हणतेस?"

"सॉरी हं. इथून आवाज नीट येत नाही," मुलगी अदबीने म्हणाली. "आजोबा म्हणू का?"