बॅगेची ट्रायल

दुकानदाराने दोन दिवसांची मुदत दिली नसती, तर सुधाकररावांवर घर सोडून गेल्याचा आळ आला नसता.

त्यांची मुलगी दीपमाला हिला डेहराडूनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आदिलाबादहून नागपूरपर्यंत बस, तिथून दिल्लीची रेल्वे, दिल्लीत उतरून आणखी एक रेल्वे. एवढ्या प्रवासाला टिकेल अशी बॅग घ्यायची जबाबदारी सुधाकररावांनी आपणहून अंगावर घेतली. ते सर्वे खात्यात होते. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मोजल्यावर कळते, अशी त्यांची श्रद्धा होती. (लग्नाआधी मुलगी पाहायला गेले, तेव्हा त्यांनी नजरेनेच ओसरीची लांबी-रुंदी काढली होती. मुलगी पाहायची राहून गेली.)

दुकानात त्यांनी टेप लावून अकरा बॅगा मोजल्या आणि सगळ्यांत मोठी, जांभळ्या रंगाची, चार चाकांची निवडली. दीपमाला म्हणाली, "बाबा, ही लई मोठी हाये." सुधाकरराव म्हणाले, "चार वर्षं ऱ्हायचं हाये बाई तुले." चाकं टिकतील का, याची मात्र त्यांना खात्री वाटेना. दुकानदार म्हणाला, "साब, ले जाओ, देखो. पसंद नहीं आया तो दो दिन में वापस." आता मुदत मिळाली म्हटल्यावर तपासणी करणं आलंच.

रविवारी सकाळी दीपमाला मैत्रिणीला भेटायला गेली होती आणि रेणुकाबाई स्वयंपाकघरात तिच्यासाठी शंकरपाळे तळत होत्या. ही वेळ साधून सुधाकररावांनी कोठीतली वीस किलो ज्वारी बॅगेत ओतली. ज्वारी रेणुकाबाईंनी दोन दुपारी बसून निवडलेली होती, त्यामुळे हे काम त्यांनी चपला काढून, पाय न वाजवता केलं. मग झिप लावली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. बेत साधा होता. बस स्टँडपर्यंत बॅग ओढत न्यायची, परत आणायची, ज्वारी जागेवर ठेवायची.

फाटकाशीच शेजारच्या भागीरथाबाई सडा टाकत होत्या.

"कुठं निघाले भाऊजी, एवढी मोठी बॅग घेऊन?"

"पाहू," सुधाकरराव चाकांकडे बघत म्हणाले. "किती दूर जाणं होते ते."

"आन् रेणुकाबाई?"

"तिले सांगतलं नाई. सांगतलं असतं, तर निघू देलं नसतं."

भागीरथाबाईंच्या हातातला तांब्या वाकडा झाला आणि उरलेला सडा त्यांच्याच पायांवर पडला. सुधाकरराव पुढे गेले. मागचं डावं चाक थोडं कुरकुरत होतं आणि त्यांचं सगळं लक्ष तिकडे होतं.

चौकातल्या चहाच्या टपरीवर ऑफिसातला रविकांत उभा होता. तो लगबगीने समोर आला. "काय साहेब, ट्रान्सफर?"

"नाई रे. माहा मीच निर्णय घेतला. पोरगी जायच्या आधी एकदाचं करून टाकतो म्हटलं."

रविकांतने चहाचा ग्लास खाली ठेवला. त्याचं लग्न होऊन चारच महिने झाले होते आणि संसाराच्या दुःखाबद्दल त्याला नुकतंच काही काही समजू लागलं होतं. आवाज हळू करून तो म्हणाला, "साहेब, लई ओझं झालं का?"

"वीस किलो," सुधाकरराव म्हणाले.

माणसाचं डोकं कुठवर गेलंय हे रविकांतला त्या आकड्यावरून कळलं. सुधाकररावांची पाठ वळताच त्याने फोन काढला.

बस स्टँडसमोरच्या गतिरोधकावर कुरकुरणारं चाक निघालं आणि घरंगळत रिक्षाखाली गेलं. बॅग कलली, झिप दोन बोटं उसवली आणि ज्वारीची धार लागली. पहिल्यांदा दोन शेळ्या आल्या, मग बाकीच्या. सुधाकररावांनी हाताने फट दाबून धरली, शेळ्यांना पायाने हुसकलं, आणि शेवटी बॅग डोक्यावर घेऊन घराकडे निघाले. दर दहा पावलांना कानामागून दाणे शर्टात उतरत होते.

घरासमोर चपलांचा ढीग होता. ओसरीवर मधल्या खुर्चीत विठ्ठलराव बसले होते. ते निवृत्त हेडमास्तर होते आणि गल्लीतली मोडणारी घरं जोडायचं काम फुकट करत. बाजूला भागीरथाबाई डोळ्यांना पदर लावून, आणि रविकांत फोन कानाला लावून. "आले, आले. सोताच्या पायानं आले," तो कुणाला तरी सांगत होता. ते कुणीतरी म्हणजे सुधाकररावांचे बेल्लमपल्लीचे मेव्हणे सुरेंद्र होते आणि ते बसमध्ये बसलेसुद्धा होते.

"बसा सुधाकरराव," विठ्ठलराव मायेने म्हणाले. "या वयात होते असं. कोणी तुमाले काई बोलणार नाई."

"पण मी काय केलं?"

"त्याईच्या मनात सांगाचं नाई तर नका इचारू," भागीरथाबाई विठ्ठलरावांना म्हणाल्या.

तेवढ्यात दीपमाला आली. माणसं पाहून आधी ती घाबरली. मग तिला बापाच्या केसांतली ज्वारी दिसली. काही न बोलता तिने बॅग आडवी केली आणि झिप उघडली. सगळे पुढे वाकले. आत कपडा नव्हता, कागद नव्हता, नुसती ज्वारी.

"म्हंजे दाण्यापाण्याची सोय करून निघाले व्हते," भागीरथाबाई पुटपुटल्या.

मग सुधाकररावांना सगळं सांगावं लागलं. चाक, गतिरोधक, शेळ्या. ऐकताना माणसांचे चेहरे उतरत गेले. एवढ्या सकाळी धावत यावं आणि घर शाबूत निघावं, हे कुणालाच फारसं आवडलं नाही.

दीपमालाने बॅगेची मूठ धरून ती उचलून पाहिली. बॅग जागची हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा जेमतेम वीतभर सरकली.

"बाबा, दिल्लीले गाडी बदलाची हाये," ती म्हणाली. "तवा मीच उचलीन न हे. एकटीच."

सुधाकररावांनी लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, चाकं मोजली होती. तिचे हात मोजायचे राहिले होते. दिल्लीच्या फलाटावर बॅगेशेजारी उभी असलेली पोरगी त्यांना पहिल्यांदाच दिसली, आणि त्या चित्रात ते स्वतः कुठेच नव्हते. त्यांनी शर्ट झटकायचं निमित्त करून तोंड भिंतीकडे केलं.

"तूच पसंत कर," ते म्हणाले. "तुले पेलन अशी."

दुपारी तिने दोन लहान बॅगा आणल्या, एकेका हातात पेलणाऱ्या. पण ते नंतर. आधी रेणुकाबाई शंकरपाळ्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्यांपुढे फिरवू लागल्या. कपाळावर आठी नव्हती. विठ्ठलरावांना राहवेना.

"वैनी, नवरा घर सोडून गेला म्हणून भागीरथाबाई सांगाले आल्या, तरी तुमी कढईपासून उठल्या नाई म्हणे. एवढा भरोसा हाये तुमचा त्याईच्यावर?"

सुधाकररावांची मान जराशी ताठ झाली.

"भरोसा कायचा," रेणुकाबाई म्हणाल्या. "बॅग भरून गेले म्हटल्यावर मी समजली, काई गेले नाई. सव्वीस वर्षांत या माणसाले सोताची बनियन सापडली नाई. खरंच जायचं असतं, तर बॅग भराले मलेच आवाज देला असता."